डॉक्टर लांबचा चालेल, मशीन जवळचं हवं

सौ. सुनंदा हिस अक्काचे अनेक आशीर्वाद.

विलासरावांचे रिपोर्ट मिळाले. क्रिएटिनिन ४.१, ईजीएफआर १६, लघवीतून प्रथिनं जातायत, हिमोग्लोबिन ९ च्या खाली. त्याखाली तुझी एक ओळ : ‘अक्का, आपल्याकडे योजनेत बसणारा किडनीचा चांगला डॉक्टर कोण?’ उत्तर फोनवर देता आलं असतं. पण फोनवर तू रडतेस आणि मग मलाही धड बोलता येत नाही. म्हणून लिहिते. छापायलाही देते आहे, कारण गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच लिहून टाकलेलं बरं. नावं बदलली आहेत, तेव्हा विलासरावांनी रागवायचं कारण नाही.

तू एक माणूस शोधतेयस. खरं तर तुला दोन ठिकाणं शोधायची आहेत, आणि ती दोन्ही एकाच गावात, एकाच छपराखाली मिळावीत असा हट्ट धरू नकोस. एक म्हणजे नेफ्रॉलॉजिस्ट, जो रिपोर्ट वाचून औषधं ठरवेल आणि पुढचं पाऊल कधी टाकायचं ते सांगेल. त्याच्याकडे महिन्या-दीड महिन्याने जायचं. दुसरं ठिकाण डायलिसिसच्या मशीनचं. वेळ आलीच तर तिथे आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. वर्षाच्या दीडशेवर खेपा. पहिल्यासाठी तुमच्या तुळजापूरहून सोलापूरच काय, पुण्यालाही जाता येतं. दुसऱ्यासाठी सोलापूरचे ४५ किलोमीटरसुद्धा फार आहेत. लोक नेमकं उलट करतात. शहरातला नावाजलेला डॉक्टर गाठतात, त्याच्याच हॉस्पिटलात डायलिसिस लावून घेतात, आणि सहा महिन्यांत दुकान, शेती, पोरांच्या शाळा, सगळं एसटीच्या वेळापत्रकावर टांगलं जातं.

आधी डॉक्टर. ‘किडनी हॉस्पिटल’ अशी पाटी दिसली म्हणजे आत नेफ्रॉलॉजिस्ट असतोच असं नाही. पुष्कळदा तो युरॉलॉजिस्ट असतो, म्हणजे मुतखडा, प्रोस्टेट, मूत्रमार्गाची ऑपरेशनं करणारा सर्जन. आपापल्या कामात ती मंडळी पटाईत असतात, पण विलासरावांना खडा नाही. वीस वर्षांच्या मधुमेहाने त्यांची किडनी झिजली आहे, आणि ते काम नेफ्रॉलॉजिस्टचं. पाटीवर डी.एम. नेफ्रॉलॉजी किंवा डी.एन.बी. नेफ्रॉलॉजी शोध, एम.सीएच. युरॉलॉजी असेल तर तो सर्जन. तुमच्या गावचे एम.डी. फिजिशियन इतकी वर्षं शुगर बघतायत, त्यांना सोडायचं नाही. उलट त्यांच्याकडूनच चिठ्ठी घे. आजार कधीपासून, कोणती औषधं चालू, आधीची क्रिएटिनिन किती, हे त्यांच्या अक्षरात असलं की नेफ्रॉलॉजिस्टचा निम्मा वेळ वाचतो. आणि ईजीएफआर १६ ला दोन भेटींच्या मधल्या शंका फिजिशियनच निस्तरणार आहेत, नेफ्रॉलॉजिस्ट फोनवर सापडायचा नाही.

आता योजना. माझा जन्म जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेला, त्यामुळे कागदांचा मला कंटाळा नाही. तुला आहे, म्हणून हे नीट वाच. ही योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आमचं सोलापूर होतं. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ ला आली, आता दोन्ही एकत्र चालतात. पूर्वी मुख्यतः पिवळं आणि केशरी रेशनकार्ड चालायचं आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. २०२३ च्या शासन निर्णयाने ती ५ लाख झाली आणि पांढरं कार्डही आत आलं. प्रत्यक्ष अंमल २०२४ पासून. तेव्हा ‘आमचं पांढरं कार्ड आहे, आम्हाला काही मिळायचं नाही’ हे विलासरावांचं पालुपद जुनं झालं. मात्र ५ लाख हे घरातल्या सगळ्यांचे मिळून, एकट्या विलासरावांचे नव्हेत. तुझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांचं वय वंदना कार्ड वेगळं काढून घे. २०२४ च्या दिवाळीपासून ते उत्पन्न न बघता देतात आणि त्याचे ५ लाख वेगळे असतात. म्हातारीच्या मोतीबिंदूसाठी लेकाच्या डायलिसिसचे पैसे खर्ची पडायला नकोत.

पण योजना म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगत नाही. योजनेत हॉस्पिटल असतं, डॉक्टर नसतो. आणि हॉस्पिटलही सरसकट नसतं, ते विभागवार असतं. एखादं हॉस्पिटल हाडांसाठी योजनेत असेल, हृदयासाठी असेल, आणि नेफ्रॉलॉजीसाठी नसेल. बाहेर फलक मात्र एकच, हिरव्या-निळ्या अक्षरांत मोठ्ठा. ‘तुमच्याकडे योजना चालते का?’ असं विचारलंस की काउंटरवरची मुलगी ‘चालते’ म्हणणार आणि ती खोटं बोलत नसणार. तू असं विचार : ‘नेफ्रॉलॉजीसाठी तुम्ही पॅनेलवर आहात का? डायलिसिस योजनेतून करता का? आणि आत्ता नवीन पेशंट घेताय का?’ तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मशीन मोजकी असतात, प्रत्येकावर दिवसाला तीन-चार पाळ्या, आणि एकदा लागलेला पेशंट सहसा जात नाही. जागा अडलेली असली तर कार्ड असून उपयोग नाही.

हे प्रश्न काउंटरला विचारू नकोस, आरोग्यमित्राला विचार. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात तो बसतो. दरवाजाजवळ कुठेतरी टेबल, त्यावर कॉम्प्युटर, समोर चार नातेवाईक उभे. तो हॉस्पिटलचा माणूस नसतो, योजनेचा असतो, हा फरक ध्यानात ठेव. कार्ड तपासणं, कागद अपलोड करणं, मंजुरी आली की सांगणं, हे त्याचं काम. काही आरोग्यमित्र फार चांगले असतात, काही दुपारी अडीचलाच गायब होतात. ते आपल्या नशिबाचा भाग. निघण्याआधी १५५३८८ ला फोन कर. तो योजनेचा मोफत क्रमांक आहे, आयुष्मानचा १४५५५. धाराशिव आणि सोलापूर, दोन्ही जिल्ह्यांतली नेफ्रॉलॉजीची हॉस्पिटलं विचारून कागदावर उतरव. ‘लातूरची पण सांगा’ म्हण. मग त्या हॉस्पिटलांना एकेक फोन लाव, कारण यादीत नाव असणं आणि खाट मिळणं यात अंतर असतं.

आता तुला न आवडणारी गोष्ट. योजना मुख्यतः दाखल होण्याची आणि ठरलेल्या उपचारांची आहे. डायलिसिस त्या ठरलेल्यांत येतं. पण विलासराव आज ज्या टप्प्यावर आहेत, तिथला खर्च ओपीडीचा आहे. नेफ्रॉलॉजिस्टची फी, दर महिन्याच्या रक्ताच्या तपासण्या, गोळ्या, हिमोग्लोबिनचं इंजेक्शन. यातलं बहुतेक खिशातून जातं. मला यातला उफराटेपणा कधी पटला नाही. किडनी टिकवायला पैसे तुमचे, ती गेली की सरकारचे. सोलापूर-लातूरकडे तर एकच डॉक्टर सकाळी योजनेतल्या हॉस्पिटलात डायलिसिसचा राउंड घेतो आणि संध्याकाळी स्वतःच्या क्लिनिकमध्ये फी घेऊन पेशंट बघतो. त्यात गैर काही नाही, पण क्लिनिकमध्ये कार्ड पुढे केलंस तर तो हसेल. त्याऐवजी ‘सर, तुम्ही योजनेच्या कुठल्या हॉस्पिटलात बसता, कुठल्या वारी?’ एवढं विचार. सांगतात. लपवत नाहीत.

फी वाचवायची तर सरकारी दवाखाना आहेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, शुगर अशा तपासण्या तिथे करून घे आणि ते कागद घेऊन नेफ्रॉलॉजिस्टकडे जा. गोळ्यांची चिठ्ठी जनऔषधी केंद्रात दाखव. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांत दर महिन्याला मोठा फरक पडतो.

आता मशीन. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त भोगलं ते इथे. तुझे भाऊजी गेले त्याला आता बराच काळ लोटला, पण आठवड्याचे ते तीन वार अजून माझ्या अंगात आहेत. डायलिसिस करून उठलेला माणूस धुऊन पिळलेल्या कपड्यासारखा असतो. रक्तदाब उतरलेला, पायात पेटके, बोलायची इच्छा नाही. त्याला तासभर स्टँडवर बसवून मग लाल डब्यातून घरी न्यायचं, आणि परवा पुन्हा तेच. पेशंट डायलिसिस चुकवायला लागतात ते बहुतेक प्रवासाला कंटाळून. आज नको, उद्या जाऊ, असं म्हणतात, आणि मग रात्री धाप लागते.

२०१६ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, तेव्हाच्या भाषणात हे आलं होतं. देशात दरवर्षी २.२ लाख नवे रुग्ण डायलिसिसच्या टप्प्याला पोचतात, एका खेपेला सुमारे २ हजार रुपये म्हणजे वर्षाला ३ लाखांवर खर्च येतो, आणि केंद्रं बहुतेक खाजगी आणि मोठ्या शहरांत असल्याने कुटुंबांना लांबचे हेलपाटे पडतात. सरकारला हेलपाटा दिसला, हे त्या भाषणातलं मला आवडलेलं एकमेव वाक्य. तर तू आधी तुळजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात विचार, मग धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात. धाराशिव सोलापूरच्या निम्म्या अंतरावर आहे. तिथे नेफ्रॉलॉजिस्ट रोज नसेल. फिजिशियन आणि टेक्निशियन सांभाळत असतील. नेहमीचं, स्थिर डायलिसिस असं चालू शकतं, मात्र महिन्याला एकदा नेफ्रॉलॉजिस्टने कागद बघून मशीनचा तपशील ठरवून दिला पाहिजे. लांबचा डॉक्टर आणि जवळचं मशीन यांची गाठ घालायचं काम तुझ्या फाइलचं.

आणि सोलापूरची सोय बघशील तर कोजागरी आठव. तुळजापूरला पायी जाणाऱ्यांसाठी सोलापूरचा रस्ता वाहनांना बंद होतो, भवानीचा मान आहे, व्हायलाच हवा. पण किडनीला कोजागरी कळत नाही. नवरात्रात तुमच्या गावातून गाडी बाहेर काढणं काय असतं, ते तू मला दरवर्षी सांगतेस.

मशीनची जागा बघायला जाशील तेव्हा पाणी विचार. लोक एसी विचारतात. डायलिसिसच्या एका खेपेला मशीनला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, तेही आरओ करून, आणि ते शुद्ध होताना आणखी वाया जातं ते वेगळं. दहा मशीन, तीन पाळ्या, हिशेब तूच कर. आपल्याकडे मे महिन्यात हंडाभर पाण्यासाठी भांडणं होतात. २०१६ ला शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. म्हणून विचार : उन्हाळ्यात पाणी कुठून येतं, टँकर कुणाचा, आरओची तपासणी कधी झाली? दुसरं, वीज गेल्यावर जनरेटर किती वेळात चालू होतो? तिसरं, कावीळ बी आणि सी असलेल्या पेशंटांची मशीन वेगळी आहेत का? टेक्निशियन वैतागेल. वैतागू दे. जो न वैतागता दाखवतो, तिथे निर्धास्त जा.

पैशांचं एक. योजनेतलं डायलिसिस कॅशलेस आहे. आमच्याकडून एका हॉस्पिटलात, नाव घेत नाही, सुरुवातीला ‘किटचे’ म्हणून दर खेपेला वेगळे पैसे घेत. किट म्हणजे तो डायलायझर आणि नळ्या. पावती मागितली की म्हणत, ‘योजनेत एवढंच बसतं, बाकी तुम्हाला बघावं लागेल.’ योजनेचे दर हॉस्पिटलांना कमी वाटतात, पैसे उशिरा मिळतात, त्यांचीही रड खरी असेल. पण ती रड पेशंटच्या खिशातून भागवायची नसते. मी १५५३८८ वर तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा क्रमांक त्यांच्या टेबलावर ठेवला. किटचे पैसे थांबले. चेहरे काही दिवस वाकडे राहिले, त्याचं मला काही वाटलं नाही. तुला वाटेल, तू हळवी आहेस; तेव्हा अशा वेळी पोराला पुढे कर.

मंजुरी एकदा आली म्हणजे कायमची झाली असंही नाही, ती वेळोवेळी नव्याने घ्यावी लागते. तारखा कॅलेंडरवर लिही. तातडीची वेळ आली तर आधी दाखल करून फोनवर मंजुरी आणि कागद मागाहून, अशीही सोय आहे. ती आरोग्यमित्राकडून समजून घे, पण त्यावर विसंबू नकोस.

विसंबू नकोस म्हणते, कारण तुमच्याकडे अजून वेळ आहे. ईजीएफआर १६ म्हणजे किडनीच्या आजाराच्या चौथ्या टप्प्याचा शेवट. १५ च्या खाली पाचवा. या काही महिन्यांत दोन कामं करून घ्यायची. पहिलं फिस्टुला. मनगटाजवळ किंवा कोपराजवळ शीर आणि रोहिणी जोडतात, ती फुगून सुई घेण्याजोगी व्हायला सहा-आठ आठवडे किंवा जास्तही लागतात. ती आधी केली नाही तर ऐनवेळी मानेत नळी घालतात, आणि त्या नळीचा जंतुसंसर्ग म्हणजे काय असतं ते तुला कळू नये. नेफ्रॉलॉजिस्टने कधी करायचं ते ठरवावं, योजनेत कुठे होईल ते आरोग्यमित्राने सांगावं. विलासराव उजवे आहेत, तेव्हा बहुधा डावा हात. आजपासून त्या हाताला सुई नाही, सलाईन नाही. रक्त काढणाऱ्या पोराने कितीही म्हटलं की ‘इकडची शीर छान आहे’, तरी उजवाच हात पुढे करायचा. दुसरं, कावीळ बी ची लस. किडनीच्या रुग्णांना दुप्पट मात्रेत चार डोस देतात, शून्य, एक, दोन आणि सहा महिन्यांनी. डायलिसिसआधी घेतली तर ती अंगी चांगली लागते.

आणि गुडघ्याची ती गोळी बंद. मेडिकलवाला देतो ती. वेदनाशामकांनी उरलीसुरली किडनी जाते. शेजारच्या काकूंच्या जावयाचं क्रिएटिनिन ज्या काढ्याने ‘उतरलं’, तो काढाही नको, भस्मंही नकोत. ‘लो सोडियम’ मीठ आणू नकोस, त्यात पोटॅशियम असतं आणि ते यांना मिठाहून घातक. नारळपाणी देऊन कुणी भलं करायला आलं तर तू पिऊन टाक.

प्रत्यारोपणाचं आता बोलू नये असं तुला वाटेल. पण बोलावं लागतं, कारण ते झालं तर मशीनचा प्रश्नच उरत नाही. योजनेत त्यासाठी वेगळी मर्यादा आहे. अडीच लाखांची ती साडेचार लाख झाली. औषधं मात्र जन्मभर, आणि ती स्वस्त नाहीत. कायद्याप्रमाणे आईवडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको, आजीआजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. घरात विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडे वळतील. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायकांचीच संख्या जास्त आहे, बायका आणि आया. देऊ नकोस असं मी म्हणत नाही. तुला द्यावीशी वाटली तर खुशाल दे. पण तुझी शुगर, तुझा रक्तदाब आधी तपासून घे, आणि विलासरावांच्या धाकट्या भावाचा रक्तगट तू स्वतः विचार, कुणी सांगायची वाट बघू नकोस. मेंदूमृत दात्याची यादीही आहे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली समन्वय केंद्रं ती चालवतात आणि नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलातर्फे होते. रांग मोठी आहे, म्हणून नाव लवकर घालायचं.

योजनेत कुठेच जमलं नाही तर धर्मादाय हॉस्पिटलं आहेत. ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून ठेव, तो इतरत्रही लागतो. डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत सवलत आहे, आगारात अर्ज मिळेल. रेल्वेतही रुग्णाला आणि सोबतच्या एकाला ७५ टक्क्यांपर्यंत सूट आहे, डॉक्टरच्या सहीचा ठरावीक नमुना लागतो.

आता कामाला लाग. रेशनकार्डावर विलासरावांचं नाव ‘विलास’ आहे आणि आधारवर ‘विलासराव’, हे मला तुझ्या मुलाच्या लग्नात पत्रिका लिहिताना कळलं होतं. कॉम्प्युटर त्या ‘राव’वर अडतो. आधी ते दुरुस्त करून घे, मग आयुष्मान कार्ड. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लाव, सर्वांत नवा वर. फिजिशियनची चिठ्ठी, चालू गोळ्यांची पाकिटं, सगळं एका पिशवीत. इथे सोलापुरात ओपीडीला नंबर सकाळी सातपासून लागतो, तेव्हा आदल्या रात्रीच मुक्कामाला या. विलासरावांची भाकरी-भाजी मी बेताच्या मिठाची करते. शेंगाची चटणी तुला वाढीन, पण त्यांच्यादेखत मागू नकोस.

तुझी,
अक्का